आठ्या, गालफडं आणि सुई : चेहऱ्यावर इंजेक्शन घ्यायचं असेल तर आधीपासून शेवटपर्यंत काय काय करायचं

माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा होत्या, अकराच्या आकड्यासारख्या. टिकली लावली की ती अर्धी रेघेत जायची आणि अर्धी हवेत, दुपारपर्यंत कुठेतरी पडून जायची. शाळेत पोरं आपसात कुजबुजायची, आज मॅडमचा मूड खराब आहे, आणि मी तर डब्यात साबुदाण्याची खिचडी आहे म्हणून मनातल्या मनात खूश असायचे. वय ४९, राहणार रामबाग, शाळेत जाणं-येणं स्कूटीवर, आणि तोंडाला स्कार्फ पण कपाळ उघडं, हा इंदूरच्या अर्ध्या बायकांचा प्रकार मीही वीस वर्षं केलाय.

गेल्या दोन वर्षांत चार वेळा बॉटॉक्स घेतलं, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, आणि एकदा फिलर, म्हणजे भराव घालणारं. त्यातलं एक बिघडलं पण, ते येईलच पुढे. आता हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, "काय केलंस गं?" आणि मग किती लागले हे विचारतात, पण कुठल्या सुरकुतीसाठी काय घेतलं हे कुणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे. मी डॉक्टर नाही, पण पैसे घालवायच्या आधी वाचायची सवय आहे, म्हणून जे वाचलं, विचारलं आणि स्वतःच्या तोंडावर करून घेतलं ते सगळं लिहिते.

पहिली पायरी : आरसा घेऊन खिडकीत बसा

सकाळचा उजेड, मेकअप नाही, क्रीम नाही. आधी चेहरा अगदी सैल सोडा आणि मोबाईलवर फोटो काढा. मग भुवया वर करा, फोटो. मग रागावल्यासारख्या आठ्या घाला, फोटो. मग डोळे बारीक करून मनापासून हसा, फोटो. आता शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या रेघा फक्त चेहरा हलला की दिसतात आणि सैल सोडल्यावर गायब होतात त्या स्नायूंच्या रेघा, म्हणजे कपाळावरच्या आडव्या, भुवयांमधल्या उभ्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या. याच्यावर बॉटॉक्स चालतं. चेहरा सैल असताना पण रेघ कोरल्यासारखी दिसत असेल, माझी तशी होती, तर बॉटॉक्सनी ती हलकी होते पण पुसून जाईलच असं नाही, कागदाची घडी उलगडली तरी खूण राहते ना, तसं.

दुसरी परीक्षा आडवं पडून. पलंगावर उताणं झोपा, फोन तोंडावर धरून फोटो काढा (हातातून सुटला तर नाकावर पडतो, अनुभव आहे). बसल्यावर नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी खोल रेघ दिसते ती झोपल्यावर निम्मी झाली का? म्हणजे ती स्नायूची रेघ नाही, तिथे चेहऱ्याचा भरीवपणा कमी झालाय आणि वरचा माल खाली आलाय. वय वाढतं तशी गालातली चरबी विरळ होते, खाली सरकते, डोळ्याच्या खोबणीचं आणि जबड्याचं हाड पण थोडं थोडं झिजतं, त्यामुळे तंबूचे बांबू छोटे झाले आणि कापड तेवढंच राहिलं असं होतं. इथे फिलरचा विषय येतो.

तिसरी, बारीक चुणीदार कातडी, तपकिरी डाग, रंग एकसारखा नाही. ही सगळी उन्हाची कमाई. याला कुठलंही इंजेक्शन हे पहिलं उत्तर नाही, कुणी कितीही गोड बोलून विकलं तरी.

दुसरी पायरी : तीन महिने स्वस्तातलं करून बघा

माझ्या डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत सुई लावलीच नाही. सनस्क्रीन लिहून दिलं आणि रात्रीसाठी ट्रेटिनोइन नावाचं क्रीम, अगदी वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. मला राग आला होता खरं सांगते, मी सुट्टी टाकून गेले होते. पण तीन महिन्यांनी डोळ्याखालच्या बारीक चुण्या आणि गालावरचा मळकटपणा बराच गेला आणि मी ज्याच्यासाठी पैसे घालवणार होते त्यातलं एक काम तसंच झालं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, चेहरा-मान मिळून दोन बोटांवर लांब पट्टी काढाल एवढं, आणि कपाळाला विसरू नका, हेल्मेटच्या काचेतून ऊन येतंच. ट्रेटिनोइन प्रेग्नन्सीत किंवा प्रेग्नन्सीचा विचार असेल तर चालत नाही, आणि मेडिकलवाल्याला विचारून स्वतःच सुरू करायची गोष्ट नाहीये ही, तोंड लालबुंद होऊन सालपटं निघतात आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो.

तिसरी पायरी : कुठल्या सुईत काय असतं ते समजून घ्या

बॉटॉक्स हे एका कंपनीचं नाव आहे, जसं आपण प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. आतला माल म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूपासून मिळणारं विष, पण अतिशय बारीक मापात. नस स्नायूला आकस असं सांगते ते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत, आणि हे टॉक्सिन नसेच्या टोकातलं एक प्रोटीन कापून तो निरोपच अडवतं. स्नायू शाबूत, नस शाबूत, फक्त पोस्टमन संपावर. तीन-चार महिन्यांत नस पुन्हा कामाला लागते आणि आठी परत येते.

याची सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं, १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनी, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानी, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी परवानगी दिली. मग कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरुदर्स, या डोळ्यांच्या डॉक्टर, त्यांच्या लक्षात आलं की पापणीसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या पण जातायत. त्यांचे यजमान अ‍ॅलिस्टर स्किनचे डॉक्टर. डोळ्यांची बायको आणि स्किनचा नवरा, जेवणाच्या टेबलावर दुसरं काय बोलणार. १९९२ मध्ये दोघांनी त्यावर पेपर छापला. एफडीएची परवानगी भुवयांमधल्या रेघांना २००२ मध्ये मिळाली, डोळ्यांच्या कोपऱ्याला २०१३ मध्ये आणि कपाळाला २०१७ मध्ये.

मापं लक्षात ठेवा, कामाला येतात. बॉटॉक्सच्या लेबलप्रमाणे भुवयांमधे २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. डोळ्यांच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजू मिळून २४. कपाळाला २०, आणि ते भुवयांमधल्या २० बरोबरच. पुरुषांचे स्नायू दांडगे असतात म्हणून त्यांना बऱ्याचदा जास्त लागतं. पण डिस्पोर्ट नावाचं दुसरं टॉक्सिन असतं त्यात भुवयांमधल्या त्याच कामाला ५० युनिट लागतात, म्हणजे एका कंपनीचं युनिट आणि दुसऱ्या कंपनीचं युनिट एक नाही. एक क्लिनिक म्हणतं आमचं युनिट स्वस्त, आणि तुम्ही खुश, पण ते अडीचपट टोचणार आहेत. त्यामुळे "युनिटचा रेट काय" याच्या आधी "कुठल्या ब्रँडचं युनिट" हे विचारा.

फिलर म्हणजे भराव. बहुतेक ठिकाणी हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं, ज्युव्हेडर्म, रेस्टिलेन ही त्यातली नावं. हे अ‍ॅसिड आपल्या कातडीत असतंच, पाणी धरून ठेवतं, पण नुसतं टोचलं तर लवकर विरघळेल म्हणून त्याचे धागे एकमेकांत बांधून घट्ट केलेले असतात. जागा आणि जेलप्रमाणे सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे नाही आवडलं किंवा गडबड झाली तर हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपेटाइट (रेडिएस) आणि पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड (स्कल्प्ट्रा) हे दुसरे प्रकार, ते कातडीला स्वतःचं कोलॅजन बनवायला लावतात, जास्त टिकतात, पण त्यांच्यावर हे एन्झाइम चालत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा घेताय तर विरघळणारंच घ्या. सिलिकॉन टोचायला कुणी तयार असेल तर चप्पल घाला आणि निघा.

प्रोफायलो, स्किन बूस्टर वगैरे पातळ प्रकार आहेत, चेहऱ्याला ओलावा आणि थोडी तुकतुकी येते, रेघ भरत नाही. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये गरगर फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग परत टोचायचा. केसांसाठी बऱ्याच जणी करतात, सुरकुत्यांवर फरक माफकच. यात फक्त एक बघा की ट्यूब आणि सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका बिनपरवान्याच्या स्पामध्ये असं रक्तवालं फेशियल करून बायकांना एचआयव्ही झाल्याचं २०२४ मध्ये सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने छापलंय. ग्लुटाथायोनची गोरं करणारी इंजेक्शनं हा वेगळाच बाजार आहे, त्याचा सुरकुत्यांशी संबंध नाही आणि मी त्यात पडणार नाही, तुम्ही पण पडू नका.

चौथी पायरी : कोण टोचणार

आता माझी फजिती ऐका. सुरुवातीला मी डॉक्टरकडे गेलेच नव्हते. एका पार्लरमध्ये दिवाळीची ऑफर होती, अर्धा चेहरा अमुक, पूर्ण चेहरा तमुक. नाव घेत नाही. खुर्चीत बसले, मुलगी आली, विशीतली, ग्लोव्हज घातलेले, आणि तिच्या हातात आधीच भरलेली सिरिंज. मी म्हटलं, "बेटा, इसकी शीशी दिखाओ." ती म्हणाली, "आंटी, वो अंदर है." मी म्हटलं मग बाहेर आण. ती आत गेली ती दहा मिनिटं आलीच नाही, मग मॅनेजर आला आणि मला समजवायला लागला की सगळ्या जणी असंच घेतात. मी पर्स उचलली. अ‍ॅडव्हान्सचे हजार रुपये गेले, आजपर्यंत परत आले नाहीत, आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

सराफ्यात दोन ग्रॅमचे टॉप्स घेताना आपण भिंग मागून हॉलमार्क बघतो, भाव दोन दुकानांत विचारतो, आणि इथे चेहऱ्यात जाणाऱ्या वस्तूची शीशी बघायला लाजतो!

तर बघायचं हे. टोचणारा एमबीबीएसच्या पुढे स्किनमध्ये एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमावाला, नाहीतर प्लास्टिक सर्जन असावा. भिंतीवर कॉस्मेटॉलॉजीचं सोनेरी सर्टिफिकेट असणं म्हणजे स्किनची डॉक्टरकी नव्हे. रजिस्ट्रेशन नंबर विचारा आणि घरी येऊन नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे त्यात शोधा, पाच मिनिटांचं काम. चांगला डॉक्टर नंबर विचारला म्हणून रागावत नाही, माझ्या डॉक्टरांनी तर प्रिस्क्रिप्शनवर बोट ठेवून दाखवला.

मग त्यांना हे विचारा, अगदी वहीतून वाचून विचारलं तरी चालेल. कुठला ब्रँड, किती युनिट, कुठे कुठे. शीशी माझ्यासमोर उघडणार का. फिलर असेल तर क्लिनिकमध्ये हायल्युरॉनिडेज आत्ता ठेवलेलं आहे का, मागवावं लागेल असं नको. रात्री काही झालं तर कुठला फोन लागेल. पापणी पडली तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नावर जो म्हणेल "आमच्याकडे असं कधी होतच नाही", तिथून उठा, कारण कधी ना कधी सगळ्यांकडेच होतं.

सुई नसलेलं पेन पण आलंय हल्ली, हवेच्या दाबानी फिलर आत ढकलतात, पार्लरवाल्यांना फार आवडतं. एफडीएनी २०२१ मध्येच लोकांना सांगितलंय की ते वापरू नका.

पाचवी पायरी : डॉक्टरांपासून काही लपवू नका

प्रेग्नंट आहात, बाळ अंगावर पितंय, तर आत्ता नाही, विषय संपला. मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा नस-स्नायूंचा कुठलाही आजार असेल तर टॉक्सिन धोक्याचं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर सांगा. डिस्पोर्ट घेणार असाल तर दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे का ते सांगा, दूध पचत नाही ते वेगळं, ही खरी अ‍ॅलर्जी. तिथे पुळी, फोड, इन्फेक्शन असेल तर थांबा. ओठाला तापाचे फोड येण्याची सवय असेल तर ओठांजवळ फिलर घेण्याआधी डॉक्टर गोळ्या देतात. बहुतेक फिलरमध्ये सुन्न करायचं लिडोकेन मिसळलेलं असतं, दाताच्या डॉक्टरकडे त्याचा त्रास झाला असेल तर आठवून सांगा. आणि आधी कुठे काही टोचून घेतलं असेल तर ते पण सांगा, नवरा बाहेर बसलाय म्हणून खोटं बोलू नका, त्याला बाहेरच बसवा.

गोळ्यांचं जरा नीट ऐका. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, यांनी रक्त पातळ होतं आणि काळं-निळं जास्त पडतं. स्वतःच्या मनानी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी बंद करा. पण हार्टच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी लिहून दिलेली असेल तर ती सुरकुतीसाठी बंद करायची नाही, चार दिवस गालावर निळा डाग परवडला. दाताचं रूट कॅनल, स्केलिंग वगैरे असेल तर फिलरच्या दोन आठवडे आधी किंवा दोन आठवडे नंतर ठेवा.

सहावी पायरी : तारीख

इथे इंदूरकरांची हमखास चूक होते. लग्न रविवारी आणि बाई गुरुवारी क्लिनिकमध्ये. टॉक्सिनचा परिणाम तीन ते पाच दिवसांत दिसायला लागतो आणि पूर्ण दोन आठवड्यांनी, आणि काही वाकडं झालं तर सुधारायला त्यानंतर आठ दिवस हवेत. फिलरची सूज चार दिवस, काळं-निळं कधी दहा-बारा दिवस. म्हणून मुलाच्या मुंजीला, भाचीच्या लग्नाला चार आठवडे हातात ठेवा. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे आपल्या रंगाच्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी तर मुळीच नको, राजवाड्यावर टँकरनी रंग उडतो, गुलालाच्या तोफा असतात, ताज्या टोचलेल्या भोकांवर ते सगळं कशाला.

सातवी पायरी : त्या दिवशी

पोटात काहीतरी घालून जा, मी पोहे खाऊन गेले होते, जिलबीसकट. चेहरा धुऊन घेतात, चारही हावभावांचे फोटो काढतात, संमतीचा फॉर्म देतात, तो वाचा, नुसती सही ठोकू नका. सुन्न करायचं क्रीम लावलं तर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. बॉटॉक्सला खरं तर त्याची गरज पडत नाही, भुवई कोरताना जेवढं दुखतं त्याच्या आसपासच आहे.

मग शीशी. डॉक्टरांनी फ्रिजमधून काढली आणि माझ्या हातात दिली. मी डोळ्याजवळ नेली तर आत काहीच नाही! मी म्हटलं रिकामी दिली की काय. त्या हसल्या, उजेडाकडे तिरकी धरायला लावली, तेव्हा तळाला पुसट पांढरी साय धरल्यासारखं काहीतरी दिसलं. १०० युनिट म्हणजे एवढंच असतं. मग त्यात अडीच मिली सलाईन घातलं, हळूच फिरवलं. म्हणजे ०.१ मिलीत चार युनिट, आणि माझ्या भुवयांचं अख्खं काम अर्ध्या मिलीत. शीशीवरचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी वाचा आणि फोटो काढा, स्टिकर निघत असेल तर मागून घ्या. नकली मालाची भीती उगाच नाहीये, अमेरिकेत सुद्धा २०२४ च्या एप्रिलमध्ये एफडीएनी नकली बॉटॉक्सबद्दल इशारा दिला होता, लोक हॉस्पिटलमध्ये भरती झाले होते. कुणी म्हणालं शीशी कालच कालवलीये तर विचारा किती वाजता, लेबलवर कालवल्यानंतर २४ तासांत वापरा असं आहे.

टोचणं पाच मिनिटांत संपलं. पाच टोचे, डासाच्या चाव्यासारख्या गाठी, त्या अर्ध्या तासात बसल्या. फिलर जरा वेगळं, ते दाबल्यासारखं, भरल्यासारखं वाटतं, कानाजवळ कुरकुर आवाज येतो कधी. डॉक्टर बोथट टोकाची लांब नळी वापरतात, तिला कॅन्युला म्हणतात, तिनी रक्तवाहिनी टोचली जाण्याचा धोका कमी होतो पण शून्य होत नाही. एका सिरिंजमध्ये साधारण एक मिली असतं. चहाचा चमचा पाच मिलीचा धरला तर त्याचा पाचवा भाग, त्यामुळे "एका सिरिंजमध्ये अख्खा चेहरा उचलू" असं कुणी म्हणालं तर हिशोब करा.

आठवी पायरी : घरी आल्यावर

चार तास आडवं पडायचं नाही, चोळायचं नाही, मालिश नाही, डोक्याची चंपी नाही. त्या दिवशी जिम, योगातलं शीर्षासन, स्टीम, गरम पाण्याचा वाफारा, दारू सगळं बंद. आणि हेल्मेट! कपाळावर टोचून घट्ट हेल्मेट घालून स्कूटी चालवत आले असते मी, डॉक्टरांनी विचारलं म्हणून वाचले, यांना बोलावून घेतलं कारनी. टिकली त्या दिवशी दाबून लावू नका. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. फिलरनंतर बर्फ लावायचा तो रुमालात गुंडाळून, हलका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाठ दाबून सपाट करायला जायचं नाही.

हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही

हा भाग फ्रिजवर चिकटवा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला तर त्या भागाचं रक्त अडतं. कातडी एकदम पांढरी पडणं, किंवा जांभळट जाळी उमटणं, दुखणं जे वाढतच चाललंय, बोटानी दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत न येणं. काही तासांनी सुद्धा सुरू होऊ शकतं. लगेच फोन, लगेच क्लिनिक, एन्झाइम जेवढं लवकर जाईल तेवढी कातडी वाचते. आणि एका डोळ्यानी धूसर दिसलं, दिसेनासं झालं, डोळ्यात जबर कळ आली, बोलताना जीभ अडखळली, एक हात जड झाला, तर मिनिटांचा प्रश्न आहे, क्लिनिकला फोन करत करतच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीकडे निघा. नाक, भुवयांची मधली जागा आणि कपाळ इथे हा धोका जास्त, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. असं क्वचितच होतं. पण क्वचितमध्ये आपला नंबर लागला तर गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही, म्हणून कुंकवाच्या जागी मी फिलर घेत नाही, रेघ राहिली तर राहू दे.

टॉक्सिननंतर गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास वाटला तर पण थेट हॉस्पिटल.

चौदावा दिवस

दुसऱ्या खेपेला मी कपाळ पण करून घेतलं आणि दहाव्या दिवशी उजव्या भुवईचं टोक तिरासारखं वर गेलं. आरशात बघितलं तर एखादी सासू "ये शादी नहीं हो सकती" म्हणायच्या तयारीत उभी. लेक हसून हसून लोळली. झालं असं की कपाळाचा मधला स्नायू झोपला आणि कडेचा जागा राहिला, तो एकटाच भुवई ओढत होता. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी त्या जागी दोन युनिट टाकले, चार दिवसांत भुवई खाली आली. म्हणूनच दोन आठवड्यांची तपासणी चुकवू नका आणि त्याच्या आधी घाई करून "अजून टोचा" पण म्हणू नका.

माझ्या वहिनींचं वेगळं. त्यांची डावी पापणी अर्धी खाली आली, म्हणजे औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं. याला उलटं औषध नाही, काही आठवडे वाट बघावी लागते. डॉक्टर अ‍ॅप्राक्लोनिडीनचे थेंब देतात त्यांनी तेवढ्यापुरती पापणी मिलीमीटर-दोन मिलीमीटर उचलते. वहिनींनी दीड महिना गॉगल लावून काढला.

पन्नाशीच्या पुढच्यांनी एक बघा. पापण्या जड झाल्या असतील तर आपण नकळत कपाळाच्या जोरावर भुवया उचलून धरत असतो, म्हणूनच त्या आडव्या रेघा पडतात. ते कपाळच झोपवलं तर भुवया खाली बसतात आणि बाई अजून थकलेली दिसते. अशांना कपाळाला कमी किंवा मुळीच नको.

पैसे

इथे रेट क्लिनिकप्रमाणे बदलतात म्हणून हिशोबाची रीत सांगते. समजा युनिटला ३५० म्हणाले. २० युनिटचे ७,०००. सौंदर्याच्या ट्रीटमेंटला आजारपणासारखी जीएसटीची माफी नाही, तो जो असेल तो वर धरा. वर्षातून तीनदा घेतलं तर जीएसटी सोडूनच २१,०००. आणि हे फक्त दोन भुवयांच्या मधलं. मेडिक्लेममध्ये सौंदर्याचं काही बसत नाही. तीन महिन्यांच्या आत पुन्हा घ्यायचं नसतं, त्यामुळे "दर महिन्याचं पॅकेज" हा शब्द ऐकला की समजा डॉक्टर नाही, दुकान आहे. मधे सोडून दिलं तर चेहरा आधीपेक्षा वाईट होतो ही पण अफवा, होता तसा होतो. मी एकदा सहा महिने घेतलं नव्हतं, घरात रंगकाम निघालं होतं, आठ्या परत आल्या आणि पोरं परत म्हणायला लागली मॅडमचा मूड खराब.

शेवटचं काम वहीचं. माझ्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागून चार पानं आहेत, प्रत्येकावर तारीख, शीशीचं स्टिकर, चेहऱ्याचं गोल चित्र आणि त्यावर ठिपके, प्रत्येक ठिपक्याशेजारी युनिटचा आकडा. उजव्या भुवईच्या वर लाल पेननी दोनचा आकडा आणि गोल केलाय. पुढच्या वेळी डॉक्टर बदलल्या, मी ते पान पुढे सरकवलं, त्यांनी बघितलं आणि पहिल्याच खेपेला तो ठिपका तिथे दिला.